वॉरंटीतली गाडी ऑइल खात असेल तर: मोजणी, कारणाचा शोध आणि लेखी तक्रार

सर्व्हिस होऊन तीन-चार हजार किलोमीटर झालेले असतात. डिपस्टिक काढून पाहावी तर ऑइल खालच्या खुणेलाही टेकत नाही. गाडी दोन वर्षांचीही नसते, खाली थेंब दिसत नाही, ओढही चांगली असते. सर्व्हिस सेंटरला नेली की पाऊण लिटर ऑइल टाकून मिळतं, "भाऊ, आताच्या गाड्या थोडं खातातच" असं उत्तर मिळतं आणि जॉब कार्डावर 'टॉप-अप केले' एवढीच नोंद होते. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तेच. असं करत करत वॉरंटी संपते, आणि मग कळतं की इंजिनाचं अर्ध काम स्वतःच्या खर्चाने करायचं आहे.

हे दावे बहुतेक एकाच जागी फसतात. ऑइल किती किलोमीटरला किती मिलिलिटर कमी झालं, याचा लेखी हिशेब मालकाकडे नसतो. नोंद न करता ओतलेला प्रत्येक टॉप-अप म्हणजे पुसला गेलेला पुरावा. म्हणून सुरुवात पान्याने नाही, वहीने करायची.

मोजणी

गाडी उभी करायची जागा सपाट हवी आणि दर वेळी तीच हवी. गावातल्या अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार ठेवलेला असतो. तेवढ्या उतारावरही डिपस्टिकवरचं माप सहज चुकतं. पेट्रोल पंपाचा काँक्रीटचा तळ किंवा सिमेंटचं खळं त्यापेक्षा बरं. इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटं थांबा, म्हणजे हेडमधलं, इंजिनाच्या वरच्या भागातलं ऑइल खाली चेंबरात, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत उतरतं. डिपस्टिक काढून लिंट न सोडणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, बाहेर काढून दोन्ही बाजू बघा. दोन बाजूंना वेगळं दिसलं तर कमी दाखवणारी बाजू खरी धरा. काही गाड्यांच्या पुस्तिकेत थंड इंजिनावर मोजायला सांगितलेलं असतं. तसं असेल तर तसंच करा, पण दर वेळी एकाच पद्धतीने.

वरच्या आणि खालच्या खुणेमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत सुमारे १ लिटरचं असतं, छोट्या इंजिनांत त्याहून थोडं कमी. तरी डोळ्याच्या अंदाजावर हिशेब करू नका. वरच्या खुणेपासून सुरुवात करा, ओडोमीटर लिहून ठेवा, हजार-बाराशे किलोमीटर चालवा आणि त्याच जागी उभी करून पुन्हा वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागलं ते मोजा. मापाचं भांडं नसेल तर किराणा दुकानातला डिजिटल काटा चालतो. १ लिटर इंजिन ऑइलचं वजन साधारण ८५० ग्रॅम भरतं. समजा डबा ओतण्याआधी ९४० ग्रॅम होता आणि नंतर ५५८ भरला, तर फरक ३८२ ग्रॅम, ०.८५ ने भागलं की ४५० मिलि. हे ४५० मिलि १,२५० किलोमीटरमध्ये गेलं असेल तर दर हजाराला ३६० मिलि. हाच आकडा पुढे सगळीकडे वापरायचा आहे.

ओतताना एका वेळी २००-२५० मिलिच घाला, पाच-सात मिनिटं थांबा, मग बघा. घाईत वरच्या खुणेच्या वर गेलं तर अख्खी मोजणी वाया जाते. शिवाय जास्तीचं ऑइल फिरत्या क्रँकच्या तडाख्यात फेसाळतं आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून इनटेकमध्ये, हवा आत घेण्याच्या मार्गात जातं. सर्व्हिस सेंटरवर बॅरलच्या गनने ऑइल भरतात तेव्हा वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं जाणं नवीन नाही. अशा गाडीत पहिल्या हजार किलोमीटरला माप झपाट्याने उतरतं आणि मग एका जागी थांबतं. तो दोष इंजिनाचा नाही. म्हणून सर्व्हिसहून निघण्याआधी तिथेच डिपस्टिक बघा आणि ओडोमीटरसह फोटो काढा.

किती खाल्लं तर जास्त म्हणायचं?

कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये मर्यादा सैल असते. बऱ्याच ठिकाणी दर १,००० किलोमीटरला १ लिटरपर्यंत, काही ठिकाणी अर्धा लिटर. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलं ते पान शोधून त्याचा फोटो ठेवा, कारण सर्व्हिस सेंटर त्याच पानाचा आधार घेणार आहे. छोट्या पेट्रोल इंजिनात एकूण ऑइल तीन-साडेतीन लिटर असतं. हजाराला १ लिटर जात असेल तर १०,००० किलोमीटरची पुढची सर्व्हिस येण्याच्या कितीतरी आधी चेंबर रिकामं होईल. अशी मर्यादा लिहिणारी कंपनी वाहनधारक दर टाकीला डिपस्टिक बघतो असं धरून चालते, आणि आपल्याकडे तसं कुणी बघत नाही.

आमच्या मते कामाचा हिशेब असा. हजाराला १०० मिलिच्या आत असेल तर काळजी सोडा. १०० ते ३०० मिलि असेल तर दर महिन्याला मोजून लिहा. ३०० च्या वर गेलं की लेखी तक्रार सुरू करा, पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो. ५०० च्या वर असेल तर डब्याशिवाय लांबच्या रस्त्याला लागू नका. आकड्यापेक्षा चढण महत्त्वाची. पहिल्या मोजणीत १५०, पुढच्या वेळी २२०, त्यानंतर ३१०, असं वाढत चाललं असेल तर मर्यादेच्या आत असूनही इंजिनात काहीतरी बिघडत आहे. याउलट अगदी नव्या गाडीत पिस्टनच्या रिंग सिलिंडरला नीट बसेपर्यंत सुरुवातीचे काही हजार किलोमीटर ऑइल थोडं जास्त जातं आणि मग कमी होतं. ते स्वाभाविक आहे.

लाल रंगाचा ऑइलच्या किटलीचा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो चालताना पेटला म्हणजे ऑइलचा दाब पडला आहे असं धरा. गाडी तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणून चालवलेल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये बेअरिंग जातात, आणि दिवा पेटूनही गाडी चालवली हे स्कॅनरमध्ये सापडलं की वॉरंटी नाकारायला तेवढं कारण पुरतं.

माप फसवतं ते कसं

एक प्रकार खेड्यातल्या वापरात नेहमी दिसतो आणि नीट ओळखला जात नाही. गाडी आठवडाभर घर, शेत, बाजार अशी दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारते. इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि पातळी टिकून राहते, कधी वाढतेही. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे जास्त होतं. मग एक दिवस गाडी नागपूरला जाऊन येते, ऑइल चांगलं तापतं, मिसळलेलं पेट्रोल उडून जातं आणि पातळी एकाच फेरीत उतरलेली दिसते. मालकाला वाटतं हायवेवर गाडीने ऑइल खाल्लं. प्रत्यक्षात ते ऑइल आधीच कमी झालेलं होतं, पेट्रोलने ते झाकलं होतं.

डिझेलमध्ये हाच घोळ डीपीएफमुळे होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल मोटारींना काजळी पकडणारा हा फिल्टर आला. तो साफ होण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडून तापमान वाढवलं जातं. ते चालू असताना मध्येच चावी बंद केली, आणि असं वारंवार झालं, की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर दिसलं आणि बोटाला पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर ती भर पडलेली नाही, ऑइल खराब झालेलं आहे. अशा गाडीला आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर पंचवीस-तीस मिनिटं सलग चालवा.

दोन्ही बाबतीत उपाय एकच. मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा गाडी आधी तीस-चाळीस किलोमीटर सलग चालवून घ्या.

बाहेर कुठे जातं का ते आधी बघा

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरावर थरावर थर बसतो. ऑइल झिरपत असेल तर ते त्या थरात जिरतं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. 'खाली डाग नाही म्हणजे गळती नाही' हे इथे चालत नाही. खालचं कव्हर काढून, इंजिन धुऊन, कोरडं करून दोनशे किलोमीटर चालवायचं आणि मग टॉर्चने बघायचं. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: टॅपेट कव्हरचं गास्केट, ऑइल फिल्टरची रबरी रिंग, ड्रेन नटाचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच, पुढचं क्रँक सील, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातलं मागचं सील. ओलं दिसलेल्या जागेच्या वर बघा, कारण ऑइल खाली आणि मागे वाहतं. ड्रेन नटाचा वॉशर दर वेळी नवा लागतो. जुनाच लावला की पुढचे सहा महिने थेंब थेंब ऑइल जात राहतं.

पांदण रस्त्यावर दगड लागून चेंबर चेपलं असेल, तर तो वॉरंटीचा विषय नाही, विम्याचा आहे. त्यातही ऑइल गळत असताना पुढे चालवल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं जोडकलम घेतलेलं असावं लागतं.

धान्य, ढेप किंवा सरकी ठेवलेल्या जागेजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदराने नळ्या कुरतडल्या आहेत का ते बघा. ब्रीदरची नळी कुरतडली असेल तर ऑइलचा वास येतो, इंजिनावर तेलकट धूळ बसते आणि धूळही थेट आत जाते. दिसलं तर ती नळी लगेच बदलून घ्या. उंदराचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि त्या एका नळीवरून पुढचा सगळा दावा अडवला जाऊ शकतो.

जळतं तर कुठून येतं

बाहेर गळती नसेल तर ऑइल जळतं. येण्याचे रस्ते चार: ब्रीदरचा पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये सोडणारी झडप), वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणारं रबर), टर्बो आणि पिस्टनची ऑइल रिंग. खर्चाच्या दृष्टीने यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून क्रमाने जायचं.

पीसीव्ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. तो उघडा अडकला की इनटेकचं खेचणं क्रँककेसमधली ऑइलची वाफ ओढत राहतं. काढता येण्यासारखा असेल तर काढून हलवा, टकटक आवाज यायला हवा. थ्रॉटल बॉडीच्या आत आणि इनटेकच्या नळीत ओलसर थर असणं चालतं, साचलेलं ऑइल चालत नाही.

वॉल्व्ह सीलची ओळख वेळेवरून होते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येतो आणि मिनिटभरात थांबतो. दुसरी खूण उतारावर मिळते. विदर्भाचा बराचसा भाग सपाट, पण चिखलदऱ्याचा घाट आहे. गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून लांब उतार उतरा आणि खाली पोचल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताना मागे बघायला कुणाला तरी बसवा. त्या क्षणी निळा लोट आला तर संशय वॉल्व्ह सीलवर. याउलट भार घेऊन वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगकडे बघा. पांढरी वाफ थंडीत सगळ्याच गाड्यांना येते, तिचा ऑइलशी संबंध नाही. आणि एक लक्षात ठेवा: हजाराला ३००-४०० मिलि जळत असतानाही डोळ्याला धूर दिसेलच असं नाही, कारण एक्झॉस्टमधला उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बराचसा साफ करतो. धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, हे उत्तर मान्य करू नका.

टर्बो असेल तर इंटरकूलरची खालची नळी सोडून बघा. आत हात तेलकट होणं ठीक, नळी तिरकी केल्यावर ऑइल वाहू लागलं तर टर्बोचं सील किंवा त्याची ऑइल परत आणणारी नळी तपासायला हवी. समृद्धी महामार्गावरून ताशी १०० ते १२० च्या वेगाने येऊन टोल किंवा हॉटेलवर गाडी लगेच बंद करू नका. एक मिनिट सुरू राहू द्या.

कॉम्प्रेशन बरोबर आहे, म्हणजे रिंग बरोबर आहेत का?

या मुद्द्यावर सर्वांत जास्त लोकांना परत पाठवलं जातं, म्हणून थोडं सविस्तर. सर्व्हिस सेंटर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब तपासतं, चारही सिलिंडरचा दाब सारखा येतो, आणि सांगितलं जातं की इंजिन उत्तम आहे.

पिस्टनवर तीन रिंग असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब अडवतात. तिसरी, सगळ्यांत खालची, ऑइलची. तिचं काम सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून पिस्टनमधल्या बारीक भोकांतून खाली सोडण्याचं. ही रिंग कार्बनने खाचेत अडकली किंवा ती भोकं बुजली तर ऑइल वर राहतं आणि जळतं, पण वरच्या दोन रिंग शाबूत असल्याने कॉम्प्रेशन पूर्ण येतं. उलट भिंतीवरच्या जादा ऑइलमुळे दाब थोडा चांगलाच दिसू शकतो. म्हणजे कॉम्प्रेशन कमी असेल तर दोष सिद्ध होतो, पण बरोबर असेल तर ऑइल रिंग निर्दोष ठरत नाही. हे सर्व्हिस मॅनेजरला शांतपणे, पण स्पष्ट सांगा.

त्याऐवजी दोन गोष्टी मागा. स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडून बघायला सांगा, कुठल्या सिलिंडरचा प्लग ओला-काळा किंवा राखेच्या थराचा आहे ते लगेच दिसतं. आणि प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा घालून पिस्टनचा माथा व भिंत बघायला सांगा. भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून काढलेल्या तिरक्या जाळीच्या रेषा दिसायला हव्यात. त्या पुसल्या गेल्या असतील किंवा उभे ओरखडे असतील तर ते फोटोत येतं, आणि तो फोटो मालकाने मागून घ्यायचा.

ऑइल रिंग अडकण्याची कारणं दोन बाजूंची आहेत. एक कंपनीची: मायलेज वाढवण्यासाठी कमी ताणाच्या रिंग आणि पातळ ऑइल वापरलं जातं. त्यात भोकांची रचना किंवा रिंगचा एखादा लॉट सदोष असेल तर त्रास लवकर सुरू होतो. दुसरी वापराची: उशिरा बदललेलं ऑइल, सतत छोट्या फेऱ्या, आणि धूळ.

धुळीबद्दल वेगळं सांगायला हवं. वणी-चंद्रपूरकडचे कोळशाच्या ट्रकांचे रस्ते, मुरमाचे कच्चे रस्ते, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या भोवतालचा तंतू, यात एअर फिल्टर पुस्तिकेतल्या साध्या वेळापत्रकापर्यंत टिकत नाही. बहुतेक पुस्तिकांत धुळीचा, अति उष्णतेचा आणि छोट्या फेऱ्यांचा वापर 'कठीण वापर' म्हणून वेगळा दिलेला असतो आणि त्यात ऑइल व फिल्टरची मुदत कमी असते, बऱ्याचदा निम्मी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या, धुळीच्या या भागातली गाडी त्याच तक्त्यात बसते. फिल्टर हवेने झटकून पुन्हा बसवताना कागदाला चीर जाते किंवा कडेचं रबर नीट बसत नाही. मग वाळूचे कण आत जाऊन रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासतात. फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवून बघा. धूळ लागली तर फिल्टर गळतो आहे. दावा करण्याआधी फिल्टर बदलल्याची बिलं जवळ असली पाहिजेत.

सर्व्हिस सेंटरवर काय मागायचं

मागायचं ते 'ऑइल कन्झम्प्शन टेस्ट'. हेच शब्द वापरा. यात जुनं ऑइल काढून नवा फिल्टर, नवा वॉशर आणि मोजून भरलेलं ऑइल टाकतात, ड्रेन नट, फिल्टर, ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकला रंगाची खूण किंवा सील लावतात, ओडोमीटर लिहितात आणि ठरावीक अंतर, बहुधा १,००० किलोमीटर, चालवून परत बोलावतात.

त्यात सांभाळायच्या गोष्टी आहेत. ऑइल सुरुवातीला काढताना आणि शेवटी काढताना गाडी तेवढीच गरम असावी आणि थेंब गळायला तेवढाच वेळ दिलेला असावा. वीस मिनिटं आणि पाच मिनिटं यात शे-दीडशे मिलिचा फरक पडू शकतो, आणि तो फरक कोणाच्याही बाजूने जाऊ शकतो. वजन तुमच्यासमोर होऊ द्या. काट्याचा फोटो घ्या. डिपस्टिक सील करणार असतील आणि तुमचा आकडा आधीच ५०० च्या वर असेल, तर ५०० किलोमीटरला मधली तपासणी लेखी मागा. टेस्टच्या काळात गाडी नेहमीसारखीच चालवा. ऑइल हायवेवरच कमी होत असेल तर निम्मं अंतर तरी हायवेचं असू द्या. नाहीतर गावातल्या गावात चालवलेल्या गाडीचा आकडा मर्यादेत येतो आणि तो कायमचा तुमच्या फाइलमध्ये बसतो. सेंटर जिल्ह्याच्या गावी, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असेल, तर जाण्या-येण्याचं अंतर टेस्टमध्येच धरलं जातं, त्यामुळे वेगळी फेरी पडत नाही.

जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. 'ऑइल चेक करणे' असं लिहिलं की तो सर्व्हिसचा भाग ठरतो, तक्रार ठरत नाही. मजकूर असा असावा:

"२१,४०० किमीला सर्व्हिस, ऑइल वरच्या खुणेवर. २२,६५० किमीला वरच्या खुणेपर्यंत येण्यास ४५० मिलि लागले. प्रमाण दर १,००० किमीला ३६० मिलि. बाहेर गळती आढळली नाही. वॉरंटीअंतर्गत कारण शोधून दुरुस्ती करावी आणि निष्कर्ष लेखी द्यावा."

कार्डाची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. त्याच दिवशी हाच मजकूर, फोटो आणि चेसिस नंबरसह कंपनीच्या ग्राहक सेवा पत्त्यावर ईमेल करा. डीलरशी झालेलं तोंडी बोलणं कंपनीपर्यंत पोचतंच असं नाही, ईमेल मात्र कंपनीकडे तारखेसह राहतो. वॉरंटी संपायला दोन-तीन महिने उरले असतील तर टेस्ट पूर्ण होण्याची वाट न बघता तक्रार आजच नोंदवा. दोष वॉरंटीच्या मुदतीत कळवला होता, हे नंतर त्यावरूनच सिद्ध होतं. एक्स्टेंडेड वॉरंटी सहसा मूळ वॉरंटी संपण्याआधीच घ्यावी लागते, आणि घेण्याआधी तिच्या कलमांत रिंग, पिस्टन व सील झीज म्हणून वगळलेत का ते वाचा.

'मर्यादेत आहे' असं उत्तर आलं तर ते लेखी मागा, आकड्यासह आणि ती मर्यादा कुठल्या कागदात आहे त्यासह. पुढच्या दोन सर्व्हिसपर्यंत मोजणी चालू ठेवा. आकडा चढत गेला तर तेच लेखी उत्तर तुमच्या बाजूने उभं राहतं.

तोवर काय करू नये

जाड ऑइल भरू नका. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० हा पातळ ऑइलचा ग्रेड लिहिलेला असताना गावातल्या दुकानातून २०डब्ल्यू-५० आणून टाकलं की खप थोडा कमी दिसतो, पण व्हेरिएबल वॉल्व्ह टायमिंग (वॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ज्या पातळ ऑइलवर चालतात ते त्यांना वेळेवर मिळत नाही. शिवाय ऑइलचा नमुना तपासला तर दावा तिथेच संपतो. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावरचा दर्जा पुस्तिकेशी जुळवून घ्या. टॉप-अपचा डबा बिलासह अधिकृत ठिकाणाहून घ्या आणि गाडीत ठेवा. लूज ऑइल नको. इंजिन फ्लश आणि ऑइल थांबवणारी औषधं वॉरंटी असेपर्यंत टाकू नका. बाहेरच्या मिस्त्रीकडून टॅपेट कव्हरसुद्धा उघडू देऊ नका, तो कितीही जाणकार असला तरी.

पैसे घेऊन सवारी भरणाऱ्या पांढऱ्या पाटीच्या (खासगी नोंदणीच्या) गाड्यांनाही इथे एक अडचण येते. वॉरंटीच्या कलमांत व्यावसायिक वापर वेगळा धरलेला असेल तर कंपनी ते कारण पुढे करते. कलम आधी वाचून ठेवा.

कंपनी ऐकतच नसेल तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. शोरूम नागपूरला आणि कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी यवतमाळच्या माणसाला यवतमाळलाच दाखल करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. डीलर आणि उत्पादक, दोघांनाही सामनेवाले करा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो, तशी विनंती अर्जातच लिहा. स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा टॅक्सीमालकही कायद्याने ग्राहकच आहे.

दुरुस्ती मिळाल्यावर

वॉल्व्ह सील किंवा रिंग बदलल्या असतील तर बदललेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक जॉब कार्डावर आहे का ते बघा आणि बोअरचं माप घेतलं का ते विचारा. बोअर गोल राहिला नसेल तर नव्या रिंगही बसत नाहीत आणि वर्षभरात तोच त्रास परत येतो. पहिल्या हजार किलोमीटरला इंजिन फार ओढू नका आणि एकाच वेगावर लांबवर चालवू नका. नंतर ऑइल बदलून पुन्हा पहिल्यासारखी मोजणी करा, आणि तो आकडाही सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा.

ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन बदललं असेल तर इंजिन नंबर बदलला का ते त्याच दिवशी तपासा. बदलला असेल तर कंपनीचं पत्र आणि बिल घेऊन आपल्या आरटीओत, म्हणजे यवतमाळला एमएच-२९, वर्ध्याला एमएच-३२, नागपूर ग्रामीणला एमएच-४०, आरसीवर नवा नंबर नोंदवून घ्या आणि विमा कंपनीकडूनही पॉलिसीत बदल करून घ्या. हे राहून गेलं तर पुढे अपघाताचा दावा करताना किंवा गाडी विकताना कागद जुळत नाहीत.